भिंतीवरचे सरकार

मुंबईत वांद्र्याला महानगर टेलिफोन निगमच्या उंच इमारतीवर २०१४ साली दादासाहेब फाळके यांचे भले मोठे चित्र रंगवले गेले. ते रंगवणाऱ्यांत रणजित दहिया हा चित्रकार होता. हरियाणातल्या एका खेड्यातून आलेल्या या माणसाने सुरुवातीच्या दिवसांत घरांना चुना-रंग देण्याचे काम केले होते. पुढे २०१७ मध्ये ससून डॉकच्या भिंती रंगल्या, तेव्हा त्या पाहायला लोकांनी गर्दी केली. शहरात भिंत रंगली की तिची बातमी होते आणि आपण तिला कला म्हणतो. गावातल्या भिंती त्याच्या कितीतरी आधीपासून रंगत आल्या आहेत. त्यांना कोणी कला म्हटले नाही, आणि इतिहास तर नाहीच नाही. आज त्या भिंतींविषयी थोडे बोलायचे आहे.

नगरहून पाथर्डीकडे निघाले आणि करंजीचा घाट उतरला की पुढे तिसगाव लागते. हे बाजाराचे आणि रहदारीचे गाव. मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेला जाणाऱ्या कितीतरी लोकांची वाट इथूनच जाते. अशा गावात रस्त्याकडेची भिंत ही मोक्याची जागा. एस.टी.ची वाट पाहणारा माणूस समोरची भिंत वाचतो, आणि वाचता येत नसेल तर चित्र पाहतो. १९७१च्या जनगणनेनुसार देशात दर तीन माणसांमागे दोघांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या काळी वर्तमानपत्र मोजक्या घरांत आणि रेडिओ बहुधा चावडीत. भिंत मात्र सर्वांची होती.

मुळात ही भिंत घरच्या बाईची. दिवाळीच्या आधी ती पांढऱ्या मातीने किंवा चुन्याने सारवायची, खाली गेरूचा पट्टा ओढायचा. घरात लग्न निघाले की दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, घोडेस्वार किंवा केळीचे खांब यायचे, वर गणपती आणि वधूवरांची नावे. लग्न होऊन पोरे शाळेत जाऊ लागली तरी ती नावे भिंतीवर फिकट होऊन टिकलेली असायची. घराची गोष्ट घरानेच लिहिलेली होती.

स्वातंत्र्यानंतर या भिंतीवर आणखी एकाने लिहायला सुरुवात केली. ते म्हणजे सरकार.

पहिला आला तो हिवतापवाला. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याचे नाव निर्मूलन कार्यक्रम झाले. पाठीवर पंप घेतलेली माणसे घरोघर डीडीटी फवारत आणि भिंतीवर घराचा क्रमांक व तारीख टाकून जात. पुढे तापाचे रोगी शोधणारा कर्मचारी ठरलेल्या दिवशी यायचा आणि दाराजवळच्या छापील चौकटीत सही करायचा. वरच्या साहेबाला कर्मचारी येऊन गेला की नाही, हे भिंत पाहूनच कळे. इथेच घरची बाई आणि सरकार यांची पहिली गाठ पडली. फवारणीनंतर काही आठवडे भिंत सारवू नका, असा आग्रह असे, कारण सारवले की औषध मातीखाली जाते. सणाला भिंत सारवायची नाही, हे मात्र कोणत्याही बाईला पटणारे नव्हते.

मग आली ती घोषणा. आज साठी उलटलेल्या माणसाला तिची अर्धी ओळ सांगितली तरी उरलेली तो आपणहून म्हणेल: ‘देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा.’ शेतमजुराची रोजची मजुरी पाच रुपयांच्या आतबाहेर असतानाचे हे हजार रुपये. गंमत अशी, की ही रक्कम भिंतीवर आली तेव्हा रोग जवळजवळ संपला होता. आधी बक्षीस पन्नास रुपये होते, नंतर शंभर झाले. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी नोंदला गेला आणि त्यानंतर आकडा हजारावर नेला. कुठे एखादा रोगी लपून राहिला असेल तर तो या रकमेने बाहेर यावा, हा त्यामागचा हिशेब. लाखाहून अधिक कर्मचारी देवीच्या रोग्याचे चित्र हातात घेऊन घरोघर विचारत फिरले. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. भिंतीवरची ओळ त्यानंतरही कित्येक वर्षे तशीच होती. रोग गेला, अक्षरे राहिली.

त्याच भिंतीवर, बहुधा शेजारीच, एक लाल त्रिकोण असायचा, टोक खाली केलेला. सोबत आई, बाप आणि दोन मुले यांचे चार चेहरे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हे चिन्ह देशभर गेले. अक्षर न ओळखणाऱ्यालाही दवाखाना कळावा, म्हणून ते इतके साधे होते. पण आणीबाणीत याच त्रिकोणाची लोकांना धास्ती वाटू लागली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते अमलात आले नाही. १९७७च्या निवडणुकीनंतर एक छोटा बदल झाला. ‘कुटुंब नियोजन’ हे नाव जाऊन ‘कुटुंब कल्याण’ आले. त्रिकोण तोच राहिला, शब्द बदलला. दिल्लीत सरकार बदलल्याचा याहून स्पष्ट पुरावा गावातल्या भिंतीवर दुसरा नव्हता.

पाथर्डी तालुक्याच्या भिंती वाचताना एक खूण विसरता येत नाही. १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. डोस देणारे घराच्या दारावर खडूने किंवा गेरूने खूण करून जात. सगळी मुले झाली असतील तर इंग्रजी ‘पी’, कोणी राहिले असेल किंवा घर बंद असेल तर फुली. हा तालुका ऊसतोडणी मजुरांचा. दसरा-दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या जुंपून किंवा ट्रकने कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. मोहिमेच्या फेऱ्या नेमक्या हिवाळ्यात येत. त्यामुळे कुलूप लावलेली दारे आणि त्यांवरच्या फुल्या हे इथले चित्र. त्या फुलीचा सरकारी अर्थ ‘मूल राहिले’ एवढाच होता. वाचणाऱ्याला मात्र ‘घर उसाला गेले’ असे कळत होते. त्या मुलांना गाठायला आरोग्य कर्मचाऱ्यांना कारखान्यावरच्या कोप्यांपर्यंत जावे लागले. जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा नैसर्गिक विषाणूने झालेला रोगी सापडला नाही आणि मार्च २०१४ मध्ये तसे प्रमाणपत्र मिळाले. त्या यशात या बंद दारांवरच्या फुल्यांचाही वाटा आहे.

२०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान आले आणि गावोगावच्या भिंती एकदम उजळल्या. रंगवणाऱ्या पेंटरांच्या हाताला काम मिळाले. या माणसांची रीत ठरलेली असे. चुन्यात थोडी नीळ आणि पकडीसाठी डिंक किंवा सरस घालायचा, रंगात बुडवलेली दोरी ताणून ओळ मारायची, मग ठळक अक्षर. जाहिरातदार पैसे देणारा असला तर ऑइल पेंट. कोपऱ्यात लहानशी सही. ती सही आणि गावाचे नाव एवढीच त्यांची नोंद.

त्या दशकातच फ्लेक्स आला. निवडणुकीच्या भिंतींवर आधीच कायद्याचा चाप बसला होता. मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा कायदा १९९५चा. आता वाढदिवसापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळे एका रात्रीत छापून येऊ लागले आणि आठवड्यात उतरू लागले. फ्लेक्सखाली जुना थर उरत नाही. चुन्याच्या भिंतीचे तसे नव्हते. पापुद्रा सुटला की खालून साक्षरतेची ओळ दिसायची, त्याखाली त्रिकोणाचे टोक, त्याखाली देवीचे हजार रुपये. २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत रेशन दुकानांपुढे चुन्याचे गोल आखले गेले, तेव्हा तो जुना चुना पुन्हा एकदा कामाला आला.

आपण शिलालेखांचे ठसे घेतो, ताम्रपट जपतो, कारण ते राजाने प्रजेला काय सांगितले याचे पुरावे आहेत. या भिंतींवरही राज्यकर्ते लोकांशीच बोलत होते. फरक एवढाच, की दगड टिकतो आणि चुना धुपतो. रस्ते रुंद होताना दर्शनी भिंती पडतात, उरलेल्यांवर प्लास्टिक पेंट चढतो. तो थांबवा असे कोणी म्हणणार नाही, कारण घर ज्याचे आहे त्याला ते रंगवायचा हक्क आहे. पण ब्रश लावण्याआधी एक फोटो काढायला काय हरकत आहे? मागे गावाचे नाव आणि तारीख लिहावी, आणि तो पेंटर हयात असेल तर त्याचेही नाव लिहावे. शाळेतल्या मुलांना एका रविवारी एवढे काम दिले तरी गावाची साठ-सत्तर वर्षे कागदावर येतील.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)