बचावलेला मालक

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी ‘टायटॅनिक’ हे जहाज उत्तर अटलांटिक महासागरात हिमनगावर आदळले आणि पुढच्या दोन तास चाळीस मिनिटांत बुडाले. सुमारे दीड हजार माणसे प्राणांस मुकली. कप्तान स्मिथ गेले. जहाजाचे आराखडे करणारे टॉमस अँड्र्यूज गेले. ‘व्हाइट स्टार’ कंपनीचे प्रमुख जोसेफ ब्रूस इस्मे मात्र जिवंत राहिले, आणि हेच त्यांच्या दुष्कीर्तीचे कारण झाले.

लोक त्यांस जहाजाचा मालक म्हणत. वास्तविक त्यांच्या वडिलांनी नावारूपास आणलेली ही कंपनी १९०२ मध्येच मॉर्गन या अमेरिकन धनिकाच्या संघाकडे गेली होती. परंतु असल्या बारकाव्यांकडे शोकाकुल जनता कशी पाहणार?

त्या रात्री इस्मे स्वस्थ बसले नव्हते. स्त्रियांना नावांत चढविण्यास ते मदत करीत होते. त्यांच्या घाईने त्रासलेल्या लोव्ह नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने, हे गृहस्थ कोण हे ठाऊक नसल्यामुळे, त्यांस चांगलेच फैलावर घेतले. आणि कंपनीचा हा प्रमुख निमूटपणे बाजूस झाला. अखेरीस घडीच्या नावांपैकी एक खाली सोडली जात असता जवळपास स्त्रिया दिसत नाहीत, असे पाहून ते तीत चढले. ही त्यांची स्वतःची साक्ष होय. नाव वल्हविताना ते जहाजाकडे पाठ करून बसले होते. ते बुडताना पाहण्याची आपणास इच्छा नव्हती, असे त्यांनी पुढे सांगितले.

‘कार्पेथिया’ जहाजावर ते डॉक्टरांच्या खोलीत कोंडून घेऊन राहिले. तेथून न्यूयॉर्कला पाठविलेल्या काही संदेशांखाली त्यांनी स्वतःचे आडनाव उलटे करून ‘यॅम्सी’ अशी सही केली. बचावलेल्या खलाशांना घेऊन तत्काळ इंग्लंडला परतता यावे, म्हणून दुसरे जहाज थांबवून ठेवा, असा त्यांतील मजकूर होता. हा पळून जाण्याचा बेत आहे, असा संशय अमेरिकेत बळावला. १९ एप्रिलला सिनेटच्या समितीची चौकशी सुरू झाली, तेव्हा पहिली साक्ष त्यांचीच झाली. हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी तर ‘ब्रूस’चे ‘ब्रूट’ म्हणजे पशू करून टाकले.

इंग्लंडमध्ये लॉर्ड मर्सी यांनी ३० जुलै १९१२ च्या अहवालात त्यांस दोषमुक्त केले. ते नावेत चढले नसते तर मृतांत आणखी एकाची भर पडली असती, एवढेच, असा त्या निर्णयाचा आशय होता. तर्कदृष्ट्या हे बिनतोड आहे. पण लोकांचा प्रश्न तर्काचा नव्हताच. पहिल्या वर्गातील १७५ पुरुषांपैकी ५७ वाचले होते. त्याच नावेतून कार्टर नावाचे एक अमेरिकन धनिकही सुटले. त्यांची नावे आज कोणास आठवतात? ज्याच्या कंपनीने २,२०० हून अधिक माणसे जहाजावर घेतली आणि नावा मात्र ११७८ जणांपुरत्याच ठेवल्या, त्याने त्यांतील एक जागा घ्यावी, हे लोकांस सहन झाले नाही.

खरा आक्षेप येथेच आहे, आणि नेमका तोच गोंगाटात हरवला. नावांची संख्या सरकारी नियमापेक्षा कमी नव्हती. नियमच १०,००० टनांपर्यंतच्या जहाजांचा विचार करून केलेला होता, आणि ‘टायटॅनिक’ ४६,००० टनांचे होते. अधिक नावा टांगता येतील अशी योजना जहाजबांधणी कारखान्यातील कार्लाइल यांनी मांडली होती. इस्मे ज्या बैठकींस हजर होते, तेथे सजावटीवर तासन्‌तास चर्चा झाली. नावांच्या वाट्यास पाच-दहा मिनिटे आली, अशी कार्लाइल यांचीच साक्ष आहे. शिवाय अपघाताच्या दिवशी दुपारी बर्फाची सूचना देणारी तार कप्तानाने इस्मे यांच्या हाती दिली होती. ती त्यांनी खिशात ठेवली, प्रवासी स्त्रियांस दाखविली. संध्याकाळी कप्तानास ती परत मागावी लागली. वेग वाढविण्यास त्यांनी भाग पाडले, हे मात्र सिद्ध झाले नाही.

१९१३ मध्ये ते अध्यक्षपदावरून दूर झाले. खलाशांच्या विधवांसाठी त्यांनी मोठी रक्कम दिली, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर घर घेऊन तेथे ते बराच काळ राहू लागले, आणि १७ ऑक्टोबर १९३७ रोजी लंडनमध्ये वारले. १९४३ मध्ये जर्मनीत निघालेल्या ‘टायटॅनिक’ चित्रपटाने, युद्धकाळातील प्रचारासाठी, त्यांस पुन्हा एकदा खलनायक म्हणून पडद्यावर उभे केले.