केस गळतायत की तुटतायत? ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात आधी हे ओळखा

ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, लू वाहते. कंगव्यात केस दिसू लागले की लश्करच्या मराठी घरांत तेल बदलायची चर्चा होते. त्याआधी पडलेला केस बोटात धरून नीट बघावा. टोकाला पांढरट बारीक गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला. दिवसाला ५० ते १०० केस असे जाणं नेहमीचंच. गाठ नाही, तुकडाही आखूड, म्हणजे केस मधेच तुटलाय. तिथे महागड्या गोळ्यांआधी हाताच्या सवयी तपासाव्यात.

केसावर खवल्यांसारखं पातळ आवरण असतं. गरम इस्त्री, रंग, जोराची घासाघीस यांनी ते उचकटतं. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून न्हाल्यावर टॉवेलने खसाखसा पुसून लगेच बारीक फणी घालणं सगळ्यात वाईट. जुन्या सुती पंच्याने पाणी टिपावं, केस जरा वाळू द्यावेत, मग रुंद दातांचा कंगवा शेंड्यापासून सुरू करून हळूहळू वर न्यावा. मुळापासून ओढलं की गुंता खाली सरकून आणखी घट्ट होतो. कुरळ्या केसांचं मात्र वेगळं: ते कंडिशनर लावून ओलसर असतानाच सोडवणं सोपं जातं.

तेलाचं म्हणाल तर शेजारी सरसोंचं, मराठी घरांत खोबरेल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅरिको कंपनीच्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलांची तुलना झाली. केसातलं प्रथिन कमी झिजण्यात खोबरेलच उपयोगी ठरलं. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हेही ध्यानात ठेवावं. न्हाण्याआधी थोडंसं लावलं तरी पुरतं. थंडीत गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवावी.

बोअरचं पाणी जड असेल तर केस राठ लागतात. शेवटचा तांब्या नळाच्या किंवा गाळलेल्या पाण्याचा घ्यावा. रोजचा घट्ट अंबाडा, ओढून बांधलेली वेणी यांनी कपाळाजवळचे केस विरळ होतात. वेणी सैल घालावी, रबरबँडऐवजी कापडी बंद वापरावा. उन्हात स्कूटीवरून जाताना डोक्याला सुती ओढणी गुंडाळावी.

डोक्यावर चकत्या पडल्या, खाज-खपल्या आल्या किंवा मूठभर केस मुळासकट जाऊ लागले, तर जयारोग्य रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवावं. फाटे फुटलेला शेंडा कुठल्याही तेलाने पुन्हा जुळत नाही, तो कापावाच लागतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे सवयी बदलल्याचा फरक दिसायला तीन-चार महिने लागतात.