तेलावरून घसरलेला विक्रम

1 जुलै 1982 रोजी कॅलिफोर्नियातल्या ला हाब्रा इथे लीगच्या एका सामन्यात 52 वर्षांच्या ग्लेन ॲलिसन यांनी सलग 36 स्ट्राइक मारले, म्हणजे प्रत्येक वेळी एकाच चेंडूत दहाही पिना पाडल्या. तीन डाव, प्रत्येकी 300 गुण, एकूण 900. बोलिंगमध्ये तीन डावांत याहून जास्त गुण होऊच शकत नाहीत. अमेरिकन बोलिंग काँग्रेसने मात्र लेन तपासली आणि विक्रम नाकारला. ॲलिसन यांच्या खेळात खोट नव्हती. लेनवरचे तेल नियमात बसत नव्हते.

हे तेल मुळात लाकडासाठी आले. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंतची 60 फुटांची लेन मेपल आणि पाइनच्या 39 अरुंद पट्ट्या जोडून बनवत. जड चेंडू घासून तिचा पुढचा भाग झिजे, म्हणून रोगणावर तेलाचा पातळ हात फिरवला जाई. पण चेंडू तेलावर घसरतो आणि कोरड्या भागात पकड मिळाली की वळतो. त्यामुळे तेल किती आहे, याइतकेच ते कुठे आहे, यालाही महत्त्व आले.

मधल्या पट्ट्यांवर भरपूर तेल आणि कडा कोरड्या असल्या, की थोडा चुकलेला नेमही खपून जातो. चेंडू बाहेर गेला तर कोरडी कड त्याला आत वळवते; आत राहिला तर तेल त्याला फार वळू देत नाही. दोन्ही चुका सावरून चेंडू पॉकेटमध्येच, म्हणजे स्ट्राइकसाठीच्या नेमक्या जागी पोचतो. तेलाच्या अशा मांडणीला पॅटर्न म्हणतात; रोजच्या गिऱ्हाइकांसाठी असतो तो ‘हाउस पॅटर्न’ याच धर्तीचा. त्यात मधले तेल कडेच्या दहापट असू शकते. ‘स्पोर्ट’ पॅटर्नमध्ये हे प्रमाण साधारण तिपटीवर येते. यूएस ओपनच्या प्रसिद्ध सपाट पॅटर्नमध्ये तर तेल कडेपासून कडेपर्यंत जवळजवळ सारखे, आणि तिथे एकदोन पट्ट्यांची चूकही पिना उभ्या ठेवते.

तेलाच्या लांबीचाही फरक पडतो. व्यावसायिक बोलिंगपटूंच्या ‘पीबीए’ संघटनेच्या दौऱ्यात पॅटर्नना प्राण्यांची नावे आहेत. आखूड ‘चीता’वर खेळाडू कडेलगत खेळतात, लांब ‘शार्क’वर आतून. त्यातही डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा थर दर चेंडूबरोबर सरकतो, पुसला जातो. पहिल्या डावात जमलेली रेघ तिसऱ्यात उपयोगी पडेलच असे नाही. 1980 च्या दशकातले युरेथेनचे आणि पुढच्या दशकातले रेझिनचे चेंडू लेनला जास्त पकडू लागले, तसे तेलाचे गणितही बदलत गेले.

ॲलिसन यांचे अपील फेटाळले गेले. पहिला अधिकृत 900 चा मान 2 फेब्रुवारी 1997 रोजी नेब्रास्कातल्या लिंकन इथे जेरेमी सॉनेनफेल्ड यांना मिळाला. तेलाला नियम हवेच होते, नाहीतर गुणांना किंमत उरली नसती. पण ला हाब्राच्या लेनवर तेल ॲलिसन यांनी ओतले नव्हते, आणि 36 वेळा दहाही पिना पाडल्या त्या त्यांनीच. शिक्षा लेनला व्हायला हवी होती. झाली ती खेळाडूला.