गाठीत बांधलेले बंदर

२९ एप्रिल २०२३ रोजी भारतीय नौदलाचे निवृत्त कमांडर अभिलाष टॉमी यांची शिडाची नौका फ्रान्समधील ले साब्ल-दोलोन येथे परतली. कोणत्याही बंदराचा आश्रय न घेता त्यांनी एकट्याने २३६ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती. 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत त्यांचा दुसरा क्रमांक आला. या शर्यतीचा एक नियम विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा असा आहे. मार्ग शोधण्यासाठी जीपीएस वापरायचे नाही. सेक्स्टंट, कागदी नकाशे, होकायंत्र आणि घड्याळ यांवरच भागवायचे.

हौसेने शिडाची होडी हाकायला शिकणाऱ्याच्या खिशात आज उपग्रहांशी जोडलेला फोन असतो. मग ही जुनी विद्या शिकायची कशासाठी? याचे उत्तर हिंदी महासागराच्या इतिहासात सापडते.

या महासागरातील नाविकांचे एक साधन अगदी साधे होते. अरब नाविक त्याला 'कमाल' म्हणत. लाकडाची लहान चौकोनी फळी, तिच्या मधोमध भोक, त्यातून ओवलेली दोरी आणि दोरीवर ठरावीक अंतरांवर मारलेल्या गाठी, एवढाच त्याचा पसारा. नाविक एखादी गाठ दातांत धरी आणि दोरी ताणून फळी डोळ्यांसमोर उभी करी. फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची कड ध्रुवताऱ्याला भिडली, की त्या गाठीने ताऱ्याची उंची सांगितलीच. हे माप 'इस्बा' म्हणजे बोट या एककात मोजत. एक इस्बा म्हणजे साधारण १.६ अंश.

यामागचे भूमितीचे तत्त्व सोपे आहे. खगोलाचा उत्तर ध्रुव क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितकेच त्या जागेचे उत्तर अक्षांश असतात. मुंबईला तो सुमारे १९ अंशांवर दिसतो, कालिकतला ११ अंशांच्या किंचित वर आणि कन्याकुमारीला जेमतेम ८ अंशांवर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल. म्हणूनच कोरोमंडल किनाऱ्यावरील नाविकांच्या दोरीत काही गाठी थेट बंदरांच्या असत. भर समुद्रात उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकत इष्ट बंदराची गाठ जुळवायची आणि मग तोच अक्षांश धरून किनाऱ्याकडे वळायचे, अशी ही रीत होती. दोरीच्या एका गाठीत अख्खे बंदर बांधलेले असे.

१४९८ साली वास्को द गामा पूर्व आफ्रिकेतील मालिंदीहून कालिकतला निघाला, तेव्हा त्याच्या जहाजावर तिथूनच घेतलेला एक वाटाड्या होता. हा वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद, असे दीर्घकाळ सांगितले गेले. आजचे अभ्यासक ते मानत नाहीत. पोर्तुगीज इतिहासकार बारूश त्याला गुजराती मुसलमान म्हणतो. पोर्तुगिजांचे अॅस्ट्रोलेब पाहून त्याला मुळीच नवल वाटले नाही आणि आपण तीन फळ्यांचे साधन वापरतो असे त्याने सांगितले, अशीही नोंद बारूशने केली आहे. मालिंदी विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे प्रवास सुरू झाल्यावर काही दिवसांनी ध्रुवतारा पुन्हा दिसू लागला, तेव्हा त्या सफरीच्या रोजनिशीत त्याची आवर्जून नोंद झाली.

मात्र फळी हाती आली म्हणून कोणी 'मालम', म्हणजे जहाजाचा वाटाड्या, होत नसे. आज ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून एक अंशापेक्षाही कमी अंतरावर आहे. पृथ्वीच्या अक्षाची दिशा संथपणे बदलत असल्याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे अंतर सुमारे साडेतीन अंश होते. तारा ध्रुवबिंदूभोवती त्या त्रिज्येचे वर्तुळ काढत असे. कोणत्या क्षणी माप घेतले हे लक्षात न घेतल्यास २१० सागरी मैलांपर्यंत चूक संभवत होती. मुंबई ते गोवा या अंतराइतकी ही चूक! म्हणून चंद्राच्या नक्षत्रांपैकी कोणते नक्षत्र आकाशात कुठे आहे हे पाहून ध्रुवताऱ्याचे स्थान ओळखायचे आणि मापात दुरुस्ती करायची, हे ज्ञान आवश्यक होते. साधन चार आण्यांचे होते, विद्या मात्र आयुष्यभराची होती.

पुढे युरोपीय नकाशे आणि सेक्स्टंट आले आणि ही विद्या मागे पडत गेली. ब्राह्मी लिपीचा उलगडा करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांनी १८३६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात अरब नाविकांच्या उपकरणांवर टिपण लिहिले. अशा नोंदींमुळेच कमालची कार्यपद्धती आज नेमकेपणाने कळते.

सेक्स्टंटने जुने तत्त्व बदलले नाही, ते अधिक काटेकोर केले. विषुवदिनी मुंबईत माध्यान्हीचा सूर्य ७१ अंशांवर असतो. ९० मधून ७१ वजा केले की अक्षांश मिळतो, १९. इतर दिवशी सूर्याच्या क्रांतीची, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या त्याच्या कोनीय अंतराची, भर किंवा वजाबाकी करावी लागते. रेखांशासाठी अचूक वेळ हवी. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, त्यामुळे घड्याळ चार सेकंद चुकले तर विषुववृत्तावर स्थान एका सागरी मैलाने चुकते. ही अडचण अठराव्या शतकात जॉन हॅरिसन यांच्या सागरी घड्याळाने दूर केली.

आकाश ढगाळ असेल तेव्हा वेग, दिशा आणि वेळ यांवरून अंदाज बांधायचा. ५ नॉट वेगाने ६ तास गेल्यास ३० सागरी मैल झाले, अशी नकाशावर खूण करायची. वारा आणि प्रवाह हा अंदाज हळूहळू चुकवत नेतात. पुढचा तारा दिसताच तो तपासायचा आणि चूक मान्य करून खूण हलवायची. नौकानयनाचा पहिला धडा खरे तर हाच आहे. आपले स्थान हे एक अनुमान असते आणि ते स्वतंत्र पुराव्याने पुन्हा पुन्हा पडताळावे लागते.

याचा अर्थ उपग्रह नाकारावेत असा नव्हे. २०१८ च्या शर्यतीत टॉमी गोव्यात बांधलेल्या 'तुरीया' या नौकेवर होते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६९ मध्ये ज्या नौकेतून पहिली एकट्याची विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, ती 'सुहैली' मुंबईत बांधलेली होती. तुरीया तिचीच प्रतिकृती. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तुरीयाच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. उपग्रहांमार्फत त्यांचे स्थान कळत होते, म्हणूनच भारतीय नौदलाच्या विमानाला नौका सापडली आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. सेक्स्टंट वापरणाऱ्या नाविकाचा जीव उपग्रहाने वाचवला. दुसरीकडे, उपग्रहांचे क्षीण संकेत रोखता येतात, बनावट संकेतांनी फसवताही येतात, आणि फोन तर एका लाटेने बंद पडतो. शहाणा नाविक दोन्ही विद्या जवळ बाळगतो आणि एकीने दुसरीची परीक्षा घेतो.

लांब केलेल्या हाताची मूठ डोळ्यासमोर साधारण १० अंश व्यापते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठींहून किंचित कमी उंचीवर दिसतो. हे माप स्वतः घेऊन पाहायला आजही फक्त निरभ्र रात्र आणि स्वतःचा हात पुरतो.