इंजिनाचा ठोका

मोटारगाडीचे इंजिन बिघडले, की ते बहुधा प्रथम आवाजानेच आपली व्यथा सांगते. सपाट रस्त्यावर निमूटपणे धावणारी गाडी चढावाला लागावी, चालकाने पेट्रोल अधिक सोडावे, आणि बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा खणखणाट ऐकू यावा, हा अनुभव मोटारीइतकाच जुना आहे. कारखान्यातील मंडळी यास ‘नॉकिंग’ म्हणतात. मराठीत ‘ठोका’ म्हणण्यास हरकत नाही. हा ठोका क्षणभर येऊन गेला तर चिंता नसते. पण दीर्घकाळ दुर्लक्ष केल्यास पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. या एका आवाजाचे निदान कसे झाले आणि त्यावर जे औषध निघाले ते रोगाहून भयंकर कसे ठरले, ती हकिकत ऐकण्याजोगी आहे.

आरंभीच्या काळात ठोक्यावर दोनच उपाय ठाऊक होते. सुकाणूच्या चाकापाशी ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा एक दांडा असे. घाट चढताना इंजिन ठोकू लागले, की चालक तो दांडा सरकवून ठिणगी किंचित उशिरा पाडी. ठोका थांबे, पण त्याबरोबर जोरही कमी होई. दुसरा उपाय मिस्त्रीच्या हातचा. तो सिलिंडरचे हेड उतरवून आत साचलेला कार्बन खरवडून काढी आणि व्हॉल्व्ह घासून बसवी. कार्बनाच्या थराने आतली जागा आकुंचित होते व तापलेला थर निखाऱ्यासारखा धुमसतो, त्यामुळे ठोका बळावतो, हे त्याला अनुभवाने कळलेले होते. मात्र नव्या, स्वच्छ इंजिनातही ठोका का यावा, याचे उत्तर कोणापाशीही नव्हते.

१९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग याने रचलेला विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवर चालणारी ठिणगीची योजना आली. हँडल मारण्याची दगदग संपली, पण ठोक्याच्या तक्रारी वाढल्या, आणि दोष साहजिकच या नव्या योजनेच्या माथी मारण्यात आला. स्वतःच्या कृतीवरील हा आरोप केटरिंगला झोंबला असल्यास नवल नाही. १९१६ मध्ये त्याच्याकडे कामास लागलेल्या टॉमस मिजली या तरुणाकडे त्याने हा प्रश्न सोपवला. मिजली शिक्षणाने यंत्रशास्त्राचा पदवीधर. रसायनशास्त्र तो पुढे गरजेपोटी शिकला.

त्याने अंदाज बांधत न बसता सिलिंडरमधील दाबाची रेषा प्रकाशकिरणाच्या साह्याने फिल्मवर उमटवून घेतली. दाबाची ती भयंकर उसळी ठिणगीच्या आधी नव्हे, तर ठिणगी पडून ज्वलन सुरू झाल्यानंतर येते, असे त्या रेषेने दाखवले. म्हणजे ठिणगी निर्दोष होती! ठिणगीपासून निघालेली ज्योत पुढे सरकत असताना कोपऱ्यात उरलेले पेट्रोल व हवेचे मिश्रण दाबले जाऊन इतके तापते, की ज्योत पोचण्यापूर्वीच ते एकदम भडकते. त्या धक्क्याने धातूच्या भिंती दणाणतात, तोच हा ठोका. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो हाही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आला होता. दोष इंधनाचा होता. निदानशास्त्राचा असा स्वच्छ नमुना यंत्रांच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

औषधाचा शोध मात्र एका चुकीच्या तर्कातून सुरू झाला. बर्फातही फुलणाऱ्या एका वनस्पतीची पाने तांबूस असतात. तांबडा रंग उष्णता शोषतो म्हणून ती तग धरत असावी, तेव्हा पेट्रोलला तांबडा रंग दिल्यास तेही लवकर तापून वाफाळेल, अशी कल्पना निघाली. प्रयोगशाळेत तेलात विरघळणारा तांबडा रंग नव्हता, म्हणून आयोडीन टाकले. ठोका थांबला! पुढे खरे तांबडे रंग आणून घातले, तर त्यांचा काडीमात्र उपयोग होईना. रंगाचा संबंध नव्हता, गुण आयोडिनाचा होता. मग वर्षानुवर्षे एकामागून एक द्रव्ये पारखली गेली. टेल्युरियमची संयुगे गुणकारी निघाली, पण त्यांचा लसणीसारखा दर्प कामगारांच्या अंगाला असा चिकटे, की चारचौघांत वावरणे कठीण व्हावे. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, हाती आले. हजार भागांत जेमतेम एक भाग पुरे होई.

२ फेब्रुवारी १९२३ रोजी ओहायोतील डेटन गावी हे पेट्रोल विक्रीस आले. त्याचे व्यापारी नाव ‘एथिल’. शिशाचा त्यात उच्चार नव्हता, आणि तो योगायोग नव्हे. शिसे विष आहे हे जगाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. खुद्द मिजलीलाही १९२३ मध्ये त्या विषाची बाधा होऊन विश्रांती घ्यावी लागली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. त्यानंतर लवकरच मिजलीने पत्रकारांसमोर त्याच द्रव्याने हात धुऊन व त्याची वाफ हुंगून ते निर्धोक असल्याचे दाखवले! ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या औद्योगिक रोगांच्या जाणकार विदुषीने विरोध केला. १९२५ मध्ये विक्री काही काळ थांबली आणि १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. मद्यार्कानेही ठोका थांबतो हे याच संशोधकांना माहीत होते. पण मद्यार्क पुष्कळ घालावा लागे, आणि त्यावर मक्तेदारी मिळण्यासारखी नव्हती. निदान करताना ज्यांनी इतकी सचोटी दाखवली, त्यांनीच औषध निवडताना ती गुंडाळून ठेवली, असे म्हणणे भाग आहे.

पुढची पन्नास वर्षे जगभरच्या रस्त्यांवर शिसे धुरावाटे पसरत राहिले. मुलांच्या मेंदूवर त्याचा दुष्परिणाम होतो हे पुढे सिद्ध झाले. शिसे हटवण्याच्या कामी एका यंत्राचीही मदत झाली, हे विशेष. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशाने निकामी होते. म्हणून १९७५ पासून अमेरिकेतील बहुतेक नव्या गाड्यांना बिनशिशाचे पेट्रोल लागू लागले. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत ते आले आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर सक्तीचे झाले. शेवटी राहिलेल्या अल्जीरियात २०२१ मध्ये ही विक्री बंद पडली.

आता ठोका ऐकण्याचे काम बहुतांशी इंजिनावर बसवलेला स्फटिकाचा कान करतो. धातूचा कंप टिपून तो संगणकाला इशारा देतो आणि संगणक ठिणगी मागे सरकवतो. जुन्या चालकाचा दांडाच तो! त्यामुळे आवाज लपतो, मूळ कारण राहते. गाडीचा जोर अकारण घटला, पेट्रोल अधिक खर्ची पडू लागले किंवा इंजिनाचा दिवा लागला, तर जाणत्या मेकॅनिककडे जाणेच इष्ट. चांगला मेकॅनिक स्कॅनर जोडण्याआधी विचारतो, की आवाज केव्हा येतो? चढावावर, जोर लागताना खणखण झाली, तर तो थंडावा देणारे पाणी, प्लगची जात, साचलेला कार्बन आणि पेट्रोलचा दर्जा तपासतो. आवाज खोल, जड आणि फेऱ्यांबरोबर वाढणारा असेल, तर बेअरिंग झिजल्याचा संशय घेऊन गाडी तत्काळ थांबवायला सांगतो. वरून येणारी हलकी टिकटिक पुष्कळदा व्हॉल्व्हच्या फटीची असते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाजाची जागा हुडकणारे मिस्त्री अद्याप आहेत, आणि त्यांचा कान सहसा चुकत नाही.

१९२० च्या दशकात मागे सारलेला मद्यार्क मात्र परतला आहे. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर पोचले. त्यात महाराष्ट्रातील उसाचाही वाटा आहे. ठोका रोखण्यास ते उत्तमच, परंतु जुन्या गाड्यांतील काही रबरी नळ्या व गॅस्केट त्याने लवकर खराब होतात. अशी गाडी बाळगणाऱ्याने पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी त्या नळ्या मेकॅनिककडून पाहून घ्याव्यात.