कामाचा हक्क : महाराष्ट्राने घातलेला एक पायंडा

महाराष्ट्राची थोरवी सांगताना परप्रांतस्थ आम्ही मराठी मंडळी बहुधा शिवकाल आणि संतपरंपरा यांपाशीच थांबतो. रोजगार हमी योजनेचे नाव क्वचितच निघते.

दुष्काळ पडला की खडी फोडण्याची कामे काढावीत व पाऊस येताच ती बंद करावीत, ही रीत इंग्रजी अमदानीपासूनची. १९७२ च्या दुष्काळातही लाखो माणसे अशा कामांवर होती. परंतु काम ही सरकारची कृपा नसून मजुराचा हक्क आहे, हा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच मांडला होता. सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे त्याचा प्रयोगही झाला होता. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढास पंधरा दिवसांत अंगमेहनतीचे काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले.

आम्हांस विशेष वाटते ते पैशाच्या तरतुदीचे. १९७५ साली नोकरदार व व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसला. जमेल तितकीच भर सरकारने घालावयाची. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून बीडच्या माळावर राबणाऱ्या स्त्रीची मजुरी निघू लागली. (कारकून कुरकुरला असेलच!) खोटे हजेरीपट, अर्धवट रस्ते, रखडलेली मजुरी हे दोष झाकण्याचे कारण नाही.

संसदेने २००५ साली देशव्यापी कायदा केला, तेव्हा हाच अनुभव पुढे होता. तेथे मात्र कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांची हमी ठरली; महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती.