मालकाच्याच अंगणात कुत्रा चावला, तर जबाबदारी कोणाची? कायदा, उपचार आणि तक्रारीची संपूर्ण माहिती

शेतवस्तीवर, गोठ्यापाशी किंवा घरापुढे राखणीला कुत्रं ठेवणं ग्रामीण भागात नवीन नाही. याच अंगणात दिवसभरात दूधवाला, पोस्टमन, वीजमीटरचं रीडिंग घेणारा, आशा सेविका, मजूर आणि शेजारची पोरं येत-जात असतात. त्यातल्या कुणाला कुत्रं चावलं की मालकाचं वाक्य ठरलेलं असतं : 'कुत्रं आमच्या जागेत होतं, तुम्ही आत आलात कशाला?' समोरचाही गावातल्या गावात वाद नको म्हणून गप्प बसतो. पण जागा आपली आहे एवढ्यावर मालक सुटत नाही, आणि गप्प बसणं जखमीच्या जिवावर बेतू शकतं.

कायदा जागा पाहत नाही, ताबा पाहतो

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ प्राण्यांबाबतच्या निष्काळजीपणासाठी आहे. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता असताना जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे पुरेशी खबरदारी न घेणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंड संहितेत हेच कलम २८९ होतं आणि दंड एक हजारापर्यंत होता.

या कलमात 'सार्वजनिक ठिकाणी' अशी अट नाही. त्यामुळे रस्ता, अंगण, शेत किंवा इमारतीची लिफ्ट, कुठेही ते लागू होऊ शकतं. मात्र प्रत्येक ओरखडा म्हणजे गुन्हा, असंही नाही. धोका दिसत होता का आणि तो टाळण्यासाठी मालकाने काय केलं, हे तपासलं जातं.

बेदरकार किंवा निष्काळजी कृतीमुळे इजा झाली तर कलम १२५ ही लागू शकतं. साध्या दुखापतीला सहा महिन्यांपर्यंत, तर गंभीर दुखापतीला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. हाड मोडणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं किंवा पंधरा दिवस रोजची कामं करता न येणं या गोष्टी गंभीर दुखापतीत मोडतात. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर कलम १०६ चा प्रश्न येतो.

मुंबईतली दोन प्रकरणं याबाबत बोलकी आहेत. २०१८ मध्ये वरळीतल्या एका इमारतीच्या लिफ्टमध्ये पाळीव कुत्र्याने शेजाऱ्याला चावा घेतला. त्या प्रकरणी २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा झाली. दुसऱ्या प्रकरणात २०१० मध्ये वाद सुरू असताना गाडीचं दार उघडल्याने रॉटवायलर जातीचा कुत्रा बाहेर येऊन एका ज्येष्ठ नागरिकाला चावला. २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली. निकालाला वर्षं लागली, पण 'कुत्रा चावला त्याला मी काय करू' हे चाललं नाही.

आत कोण आला होता, यानेही फरक पडतो

कामासाठी किंवा बोलावण्यावरून आलेला माणूस, तसंच रोजच्या वहिवाटीच्या वाटेने जाणारा शेतकरी, यांच्याबाबत मालकाची जबाबदारी सर्वात स्पष्ट असते. लोक येणार हे त्याला माहीत असतं. सामाईक अंगण, सामाईक विहीर किंवा दोन घरांत मिळून असलेल्या बोळात कुत्रं मोकळं सोडलं, तर 'आमची जागा' हे म्हणणंच लंगडं पडतं.

रात्री कुंपण ओलांडून चोरीला आलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला तीच सुरक्षितता देण्याची अपेक्षा मालकाकडून नसते. मात्र चेंडू आणायला आत आलेलं सहा वर्षांचं पोर आणि चोर यांना एका मापाने मोजता येत नाही. मुलं येतात हे ठाऊक असेल तर तशी खबरदारी अपेक्षित आहे.

'कुत्र्यापासून सावधान' ही पाटी उपयोगाची आहे, पण ती माफीचा दाखला नाही. उलट कुत्रं चावरं आहे हे मालकाला माहीत होतं, असाही तिचा अर्थ निघू शकतो. शिवाय ज्याला वाचता येत नाही किंवा जो अंधारात आला, त्याला पाटीचा काय उपयोग? फाटक बंद, कुत्रं बांधलेलं आणि वर पाटी, असं असेल तर मालकाची बाजू भक्कम होते.

'कुत्रं आमचं नाही, इथंच राहतं'

गावात सर्वाधिक ऐकू येणारा बचाव हाच. कायदा 'मालक' हा शब्द न वापरता 'ताब्यातला प्राणी' म्हणतो. त्यामुळे कागद नसला तरी कुत्र्याच्या गळ्यात पट्टा कोणी घातला, ते रोज कुठे बांधलं जातं, राखणीला कोण वापरतं, लस कोणी टोचून आणली, यावरून ताबा ठरू शकतो. जमीनमालक शहरात आणि कुत्रं वस्तीवरच्या गड्याच्या हवाली असेल, तर गड्याकडेही विचारणा होऊ शकते. केवळ दारात येणाऱ्या भटक्या कुत्र्याला कधीतरी भाकरी टाकली, एवढ्याने मात्र ताबा सिद्ध होत नाही. भटक्या कुत्र्यांसाठी प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ आहेत. पाळीव कुत्र्याचं लसीकरण, जंतनाशक औषध आणि नसबंदी ही जबाबदारी हेच नियम मालकावर टाकतात.

चावल्यावर आधी उपचार, मग भांडण

रेबीजची लक्षणं दिसू लागली की रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. मात्र वेळेवर उपचार घेतले तर हा आजार टाळता येतो. त्यामुळे :

- जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी. नंतर जंतुनाशक लावावं.
- मिरची, चुना, हळद, तेल, मातीचा लेप लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. टाके घालण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.
- त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावं. कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असते. यात पहिला दिवस शून्य धरतात. दंडात दिल्या जाणाऱ्या लसीचं वेळापत्रक वेगळं असतं.
- रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमचं इंजेक्शनही लागतं. ते प्रत्येक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही. नसेल तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी मागावी.
- धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावं.

'आमच्या कुत्र्याला लस दिली आहे' असं मालकाने सांगितलं, तरी उपचार सुरू करावेत. लसीचं कार्ड डॉक्टरांना दाखवावं, पुढचं ते ठरवतील.

कुत्र्याला मारू नका

संतापाच्या भरात कुत्र्याला मारून टाकलं जातं. यात दुहेरी नुकसान आहे. चावलेलं कुत्रं दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवायचं असतं. ते दहा दिवस ठणठणीत राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं मानतात आणि पुढचे डोस डॉक्टर त्यानुसार ठरवतात. कुत्रंच मेलं किंवा पळवून लावलं तर ही खात्री मिळत नाही. दुसरं म्हणजे प्राण्याला ठार मारणं किंवा विष घालणं हा कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होऊ शकतो. मग चावा सोसणाराच आरोपी होऊन बसतो.

तक्रार कुठे आणि कशी?

१. रुग्णालयाचा केसपेपर जपून ठेवावा. 'पाळीव कुत्रा चावला', तारीख, वेळ आणि जागा ही नोंद त्यावर करून घ्यावी.
२. जखमेचे, फाटलेल्या कपड्यांचे आणि उघड्या फाटकाचे फोटो काढावेत. पाहिलेल्यांची नावं लिहून ठेवावीत.
३. हेच कुत्रं आधी कुणाला चावलं असेल तर तेही नमूद करावं. मालकाला धोका ठाऊक होता, हे त्यातून दिसतं.
४. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. कलम २९१ चा गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र आहे. तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.
५. उशीर करू नये. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायालयाने दखल घेण्याची मुदत साधारण एक वर्षाची असते.
६. ग्रामपंचायतीलाही अर्जाची प्रत देऊन पोच घ्यावी. कामावर असताना कुत्रं चावलं असेल तर आपल्या कार्यालयालाही लेखी कळवावं.

औषधोपचार, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांची भरपाई दिवाणी दाव्यातून मागता येते. गावात बसून खर्च ठरवायचा असेल तर रक्कम, तारीख आणि कुत्रं बांधून ठेवण्याची हमी हे सगळं कागदावर घ्यावं. मात्र बैठक होईपर्यंत लस थांबवू नये.

मालकांनी आजच करण्यासारखं

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यावी, नंतर दरवर्षी. कार्ड घरात ठेवावं. दिवसा लोकांची ये-जा असते तेव्हा कुत्रं बांधावं, पण दारापासून आणि पाऊलवाटेपासून लांब. आखूड किंवा जड साखळीला तासन् तास बांधणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही. त्यामुळे साखळी लांब असावी आणि रोज फिरवून आणावं. पिल्लं झालेली कुत्री, जेवणारं किंवा आजारी कुत्रं जास्त चिडतं, तेव्हा पाहुण्यांना आधीच सांगावं. चावरं कुत्रं बाहेर नेताना तोंडाला जाळी बांधावी.

आणि चावलंच, तर वाद घालण्याआधी जखमीला गाडीवर बसवून दवाखान्यात न्यावं, कुत्रं दहा दिवस बांधून ठेवावं आणि त्याची तब्येत रोज कळवावी. शेजार टिकवायचा असेल तर हाच रस्ता आहे.